बाहेरून दोन टोले

"आत जा बरं दोघं. आत जाऊन गाणं म्हणा. मोठ्यानं म्हणा."

आईचा आवाज. कुठल्या संध्याकाळचा, ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. तशा संध्याकाळी पुष्कळ होऊन गेल्या आणि आवाज मात्र एकच उरला, पीठ चाळणाऱ्या हातासारखा, घाई नसलेला, वरून मऊ आणि खाली घट्ट. रिअ‍ॅक्टरच्या तोंडातून पाय आत सोडताना दर वेळी तो कानाशी यायचा. आजही आला. तिनं घड्याळ काढून ठेवलं होतं, कानातलं काढलं होतं, खिसे उलटे करून दाखवले होते, कापडी तळव्यांचे बूट चढवले होते. आत गेल्यावर खिशातून एखादं नाणं निसटलं तरी काचेचा टवका उडू शकतो, म्हणून या भांड्यात उतरणाऱ्यानं पाहुण्यासारखं उतरायचं असतं, रिकाम्या हातांनी आणि हळू. शिडीच्या पायांना रबराचे मोजे होते. कमरेला दोर, गळ्यात दिवा, हातात तारेचा ब्रश. आतली हवा तपासून झाली होती. ती उतरली, आणि बाहेरचा सगळा कारखाना, पंपांची घरघर, कुणाची तरी हाक, शिट्टी, सगळं डोक्यावरच्या गोल उजेडात मावेल एवढं लहान झालं.

रसायनं शिजवायच्या त्या रिअ‍ॅक्टरला कारखान्यात सगळे निळं भांडं म्हणत. बाहेरून ते कुणालाही दिसेल तसंच होतं, पोलादी, रंग उडालेलं, नळ्यांनी जखडलेलं. आतून मात्र काच होती, गडद निळी, भट्टीत पोलादावर वितळवून बसवलेली, दोन नखं एकावर एक ठेवली तर होईल तेवढ्या जाडीची. पोलादाला आम्ल खातं, काचेला खात नाही. म्हणून बाहेर पोलादाचा जोर आणि आत काचेची कातडी. तिचं काम त्या कातडीवरून ब्रश फिरवायचं. ब्रशात वीज सोडलेली असते. काच अखंड असेल तर वीज गप्प राहते, आणि जिथं डोळ्याला न दिसणारं भोक असेल तिथं ठिणगी बोलते. नाक, कान, डोळे, सगळं त्या ठिणगीच्या वाटेकडे लावून माणूस आत बसतो. तिला हे काम आवडायचं, आणि का आवडायचं हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. लहानपणी जिला सारखं आत जायला सांगितलं, ती मोठेपणी आत जाण्याचाच पगार घेऊ लागली, यात हसण्यासारखं काहीतरी होतं खरं, पण ते तिला एकटीला हसता येण्यासारखं नव्हतं.

"ताई, आवाज येऊ द्या," वरून तोंडाशी बसलेला माणूस म्हणाला. माणूस आत असेपर्यंत एकानं तोंडाशी बसायचं आणि आतल्यानं बोलत राहायचं, असा नियम. आतला गप्प झाला की वरचा दोर ओढतो. इथं हे काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण आतल्याच्या वाटचं बोलणंही तोच बोलून टाकायचा.

"आहे, आहे," ती म्हणाली.

"नुसतं आहे आहे काय? आहेत तर आमच्या सासूबाईही. जरा सविस्तर सांगा."

"डावी भिंत झाली. चांगली आहे. आता तळाकडे येतेय."

"तळाला नीट बघा. परवा तिथं काहीतरी गडबड झाली म्हणतात. मी रजेवर होतो, आपल्याला काही माहीत नाही. माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का?"

ब्रश सरसरत होता. दिव्याचा उजेड निळाईवर पडला की तिचाच चेहरा लांबट होऊन भिंतीवरून फिरायचा, एखाद्या विहिरीत वाकून बघावं आणि विहिरीनंच आपल्याकडे वाकून बघावं तसा. ती ढवळणीच्या पात्याखालून सरकली, गुडघ्याखालची चटई पुढं ओढली, तळाशी माल सोडायच्या तोंडाभोवती ब्रश फिरवायला लागली, आणि टक्क.

पांढरी ठिणगी. ब्रशाच्या एकाच केसापाशी. आवाज म्हणावा तर नखानं नख उडवल्याएवढा. पण तिचे खांदे कानांपर्यंत गेले होते, आणि आपण चाळिशी ओलांडलेली, या कामात मुरलेली बाई आहोत हे तिला पुन्हा आठवावं लागलं. ठिणगीसाठीच तर आपण आलो. तीच आली तर दचकायचं कशाला?

"ताई? ताई, बोला. ओढू का?" दोर कमरेत ताठ झाला.

"नको," ती म्हणाली. "आहे मी. इथं काहीतरी आहे."

दिवा जवळ नेऊन तिनं बघितलं. काच कशाकशानं जाते ते तिला पाठ होतं, घरातल्या माणसांची दुखणी पाठ असतात तसं. गरम कॉस्टिक काचेची चमक चाटून नेतं, हात फिरवला तर भिंत खरखरीत लागते. मालात फ्लोराइडचा अंश आला तर काच आतल्या आत विरते. तापलेल्या भांड्यात गार पाणी सोडलं तर केसांसारख्या चिरांचं जाळं पसरतं, म्हणून तापवायचं ते हळू आणि निववायचं तेही हळू. ढवळणी वेगात फिरून आत वीज साचली तर सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. यांतलं इथं काही नव्हतं. इथं टिकलीएवढा टवका होता, आणि त्याच्याभोवती बारीक कडी, एकीबाहेर एक, पाण्यात खडा टाकावा तशी. निळ्या आभाळात उमटलेली चांदणी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती सुंदर वाटते. ही एकाच गोष्टीनं उमटते. पाठीमागून टोला बसला की. टोला बसतो पोलादाला. पोलाद क्षणभर आत दबतं आणि परत जागेवर येतं, त्याच्या अंगावर खूणही राहत नाही. काचेला दबता येत नाही.

वर आल्यावर ती आधी पाणी प्यायली. शिफ्टचा इन्चार्ज वाटच बघत उभा होता. नीटनेटका माणूस, इस्त्रीची घडी मोडू नये अशा बेतानं उभा राहणारा, कामगारांशी कधी वरच्या पट्टीत न बोलणारा.

"तळाच्या व्हॉल्व्हवर, जिथं बाहेरचं वाफेचं जॅकेट संपून उघडं पोलाद लागतं, तिथं कुणी मारलं?" तिनं विचारलं.

"मारलं म्हणजे..." तो हसला. "माल तळाशी बसला होता, मॅडम. दगड झाला होता. व्हॉल्व्ह उघडा, आणि थेंब नाही. मग दोन टोले दिले. मध्ये लाकडाचा ठोकळा धरून, बरं का. लगेच सुटला."

"कोमट सॉल्व्हंट घालून थांबायचं होतं."

"त्यात अर्धा दिवस जातो. आणि कुणी वरून पहार घातली असती तर? काचेला लागू नये म्हणून तर बाहेरून मारलं. आत कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही, शपथेवर सांगतो. विचारा कुणालाही."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. उलट किंचित कौतुकाची अपेक्षा होती, वर्गात बरोबर उत्तर देऊन खाली बसणाऱ्या मुलासारखी. आत कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. हे वाक्य तिनं याच चालीत, याच समाधानानं, इतक्यांदा ऐकलं होतं की ते या माणसाच्या तोंडून बाहेर पडताना कुणीतरी घरात शिरून आपलं कपाट उघडलंय असं तिला वाटलं. पाण्याचा पेला कुठं ठेवायचा ते तिला सुचेना.

"झीज लिहून टाका ना, मॅडम," तो म्हणाला. "भांडं काही नवीन नाही."

"झीज लिहिलं तर पुढच्या वेळी पुन्हा ठोकाल."

"तुम्ही रागावलात."

"मी कुठं रागावले?" ती म्हणाली. तिला रागावता येत नसे. ते तिच्या अंगात बसलंच नव्हतं. "बाहेरून आघात, असं लिहिणार आहे. टँटलमची गुंडी बसवून घ्या, त्या धातूला आम्ल खात नाही, भोक बुजेल. तोवर आत आम्ल नको. काचेखालचं पोलाद आम्लाला सापडलं की ते मागंपुढं बघत नाही. आणि तो हातोडा इथून हलवा."

"हातोडा तर सगळीकडेच असतो," रेडिओ दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, आणि इन्चार्जनं त्याच्याकडे बघितल्यावर दोराकडे बघू लागला.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. रस्त्याच्या कडेला कुणीतरी गालिचा झटकत होतं, धूळ उन्हात सोन्यासारखी उडत होती, आणि प्रत्येक झटक्याला तिची पापणी मिटत होती. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. औषधाच्या दुकानांचे, सोनारांचे, काचेच्या पेटीत बसणारे नाजूक काटे. गुंजेएवढी वजनं चिमट्यानं उचलायचे, श्वास रोखून पारड्यात ठेवायचे, आणि काटा थरथरत मध्यावर येऊन थांबेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहावं असं ते तोंड व्हायचं. तीच बोटं. दिवसभर एवढं तोलून मापून वागलेला माणूस घरी आला की कुठंतरी पारडं सुटायचं. भाजीत मीठ कमी, कंदिलाची काच काळी, धाकट्या भावाच्या पाटीवर चुकलेलं गणित, कशानंही. मग दार. दार, कपाट, भिंत, पाण्याचं पिंप. पिंपावर मूठ बसली की पिंप पुष्कळ वेळ बोलत राहायचं. मुलांच्या अंगाला त्यांनी कधी हात लावला नाही. हे खरंच होतं. त्यांच्या स्वतःच्या पाठीवर पट्ट्याचे जुने वळ होते, अंघोळीला बसले की दिसायचे, पांढरट, कोरड्या ओढ्यांसारखे. त्यांच्या बापानं त्यांना फोडून काढलं होतं, आणि बाप होण्याआधीच त्यांनी कानाला खडा लावला होता की आपल्या पोरांना हे नाही. तो खडा त्यांनी जन्मभर सांभाळला. दाराची बिजागरी निखळली तर दुसऱ्या दिवशी स्वतः बसवायचे, स्क्रू पिळताना शीळ घालायचे, धाकट्याला जवळ बोलावून पेचकस हातात द्यायचे. धाकटा जायचा. पेचकस धरायचा. त्याच्या हाताला सुटलेला घाम तिला लांबूनही दिसायचा.

आई त्या दोघांना आतल्या खोलीत घालायची. गाणं म्हणा म्हणायची. तिला स्वतःला पुष्कळ गाणी यायची, तिच्या आईकडून आलेली, मोडकी, जिथं शब्द विसरला तिथं स्वतःचा घालून शिवलेली.

झोप गं पाखरा, कापसाची कूस,
बाहेरच्या वाऱ्या, बाहेरच बैस.

खाटेखाली दोघं. धाकट्याचे दोन्ही तळवे कानांवर आणि तिचे तळवे त्याच्या तळव्यांवर. बाहेर धाड झालं की तिला ते चार तळव्यांमधून त्याच्या डोक्यात शिरताना कळायचं, जशी भिंतीला टेकलेल्या माणसाला रस्त्यावरून जाणारी गाडी भिंतीतून कळते. गाणं थांबायचं नाही. तो नेमका त्याच ओळीवर यायचा आणि वाऱ्याला बाहेर बैस म्हणायचा. खाली फरशी ओली झालेली असायची, आणि ती काही न बोलता आपल्या परकराचा ओचा तिथं टाकायची. या गोष्टीबद्दल त्या दोघांत पुढं कधी चकार शब्द निघाला नाही. धाकट्यानं लांबच्या शहरात घर केलं, आणि त्या घराच्या एकूण एक दारांच्या कडांना त्यानं स्वतः लोकरीच्या पट्ट्या चिकटवल्या. तिथं दार लागलं तरी कळत नाही. त्याची बायको हसते त्याला, म्हणते आमच्याकडे दारं चोरपावलांनी लागतात. तिनं स्वतः लग्न केलं नाही. दोन वेळा जमत आलं होतं. एकदा मुलगा टेबलावर थाप मारून हसला, मोकळं, चांगलं हसणं होतं ते, आणि तिनं घरी येऊन नको म्हणून सांगितलं. कारण विचारल्यावर नाक आवडलं नाही म्हणाली.

बसमधून उतरल्यावर तिनं धाकट्याला फोन लावला.

"बाबांचं ऑपरेशन तुझ्यावर अडलंय," ती म्हणाली.

"माझ्यावर? मी काय सर्जन आहे?"

"हृदयाची झडप आहे ती, थट्टा नको. डॉक्टर म्हणतात आता थांबू नका. बाबा म्हणतात पोरगा आला की करू. प्रत्येक महिन्याला मी सांगते पुढच्या महिन्यात येतोय, आणि ते पुढच्या महिन्यापर्यंत थांबतात."

मागं त्याच्या घरात कुणीतरी हळूच काहीतरी ठेवलं.

"ताई, तिकडं यायचं म्हटलं की माझ्या पोटात दुखतं. खरंच दुखतं. एवढा घोडा झालोय, दोन पोरांचा बाप, आणि तिकीट काढायला बसलो की संडासात जातो. हसशील तू."

"नाही हसत."

"त्यांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल. त्यांच्यापाशी एवढं एकच तर आहे, ते हात लावला नाही म्हणायचं. ते कशाला काढून घ्यायचं म्हातारपणी?"

"मग काय सांगू?"

"काम आहे म्हण. नेहमीसारखं."

नेहमीसारखं. ती जिन्यापाशी उभी राहिली. इतकी वर्षं ती घरी झीज लिहीत आली होती. काम आहे, सुट्टी नाही, मुलांची परीक्षा आहे, गाडीला गर्दी आहे. बाबा मान डोलवायचे आणि थांबायचे. आता त्या थांबण्यात त्यांचा जीव होता. जिना चढून थोडं गेलं की छातीवर हात ठेवून कठड्याला टेकतात, ओठ निळसर होतात, आणि कुणी बघितलं तर कठड्याचा स्क्रू तपासल्यासारखं करतात.

ते खिडकीपाशी बसले होते. मावळतीचं ऊन त्यांच्या मांडीवरच्या टॉवेलवर पडलं होतं, आणि ते शेंगा सोलत होते, हात थरथरत असले तरी दाणा न फोडता. आजकाल त्यांचा आवाजच नसे. कप ठेवायचे तोही दोन्ही हातांनी. तिला स्वतःचं मूल नव्हतं म्हणून असेल, पण कधी कधी त्यांच्याकडे बघून तिच्या छातीत जे भरून यायचं त्याला मायाच म्हणावं लागलं असतं.

"आलीस बाळ? आज चेहरा उतरलाय. भांड्यात काही सापडलं?"

"सापडलं."

"मोठं?"

"टिकलीएवढं. पण गेलं आरपार."

"लहान चूक काट्याला सगळ्यात जास्त कळते," ते म्हणाले, आणि दाण्यांची वाटी तिच्याकडे सरकवली. "आज डॉक्टरचा माणूस येऊन गेला. तारीख विचारत होता. मी म्हटलं, माझा मुलगा येऊ दे. तो म्हणाला, आजोबा, मुलगा काय करणार आहे? मी म्हटलं, त्याला काय करायचंय, नुसतं उशाशी उभं राहायचंय. शुद्ध हरपण्याआधी त्याचं तोंड दिसलं की झालं. मी त्याला सांगितलंही, आमच्या घरात मारझोड नव्हती हो, मी पोरांच्या अंगाला कधी बोट लावलं नाही. येईलच तो." त्यांनी टॉवेलवरची फोलपटं एका बाजूला गोळा केली. "पुढच्या महिन्यात येतो म्हणालाय ना? फोन झाला का तुझा?"

झाला, येतो म्हणाला. एवढंच तर म्हणायचं होतं. जीभ सवयीनं तिकडं वळलीही. त्यांच्या मानेची शीर उडत होती, पातळ कातडीखाली, लय चुकवत. आत्ता बोललं तर यांचं काय होईल? न बोललं तर काय होईल ते तर डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं होतं. पण तेवढ्यासाठीच आपण बोलतोय असं नाही, हेही तिला कळत होतं. कुठंतरी खाटेखाली कुणीतरी अजून तळवे दाबून बसलं होतं, आणि त्या मुलीला कधीच कुणी विचारलं नव्हतं. तिनं वाटी बाजूला ठेवली आणि ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये.

"बाबा, ऑपरेशन या आठवड्यात करून घेऊ. त्याच्यासाठी थांबू नका."

"का? सुट्टी मिळत नाही?"

"सुट्टी असते त्याला. काम आहे, काम आहे, हे मीच सांगत आले. तो येणार नाही."

शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली. त्यांचा आवाज चढला नाही. चढायला आता तो उरलाही नव्हता. "माझ्यावर राग आहे?"

"राग नाही. भीती आहे. त्याच्या पोटात दुखतं इकडं यायचं म्हटलं की."

"माझी भीती?" त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं, उलटे करून, सुलटे करून, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "बाळ, तू तर होतीस घरात. तूच सांग. मी एकदा तरी तुम्हाला हात लावला का?"

"नाही लावला."

"मग?"

तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. ते गार होते आणि शेंगांच्या मातीनं खरखरीत झाले होते. आवाज निघाला तो तिला वाटला होता त्यापेक्षा मऊ.

"दारावर मारायचात ना, बाबा, ते आम्हाला लागायचं. त्याला लागायचं, आणि मलाही लागायचं."